तुझ्या नावानं तोडलेला लिंब

नूर, आधी वाईट बातमी सांगतो. तू गेलास ती नव्हे. ती तुला माझ्या आधीच कळली. दुसरी आहे. पिराच्या बनातला तुझा लिंब मी तोडला. वाऱ्यानं पडला नाही, विजेनं जळला नाही, रस्तावाल्यांनी नेला नाही. मी स्वतः समोर उभा राहून तोडून घेतला, अन् तेही तुझ्यासाठी. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे. मराठीत दे, दखनीत दे, मी ऐकून घेतो.

तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. मला लई थकल्यासारखं झालंय रे. गुडघे आधीपासून बोंबलतच होते, आता बसल्या जागेवरून उठायलाही कारण लागतं. गावात जो भेटतो तो विचारतो, "नूर पेंटर गेले म्हणं?" मी हाव म्हणतो अन् पुढं होतो. त्याच्या पुढचं कुणाला सांगायचं? आपल्या ह्या जुन्या भांडणाचं शेंडाबुडूख ठाऊक असलेला एकच माणूस होता, तोच उठून गेला. म्हणून तुलाच सांगतो. गुमान ऐक, मधे बोलू नको. इतक्या वर्षांत माझं बोलणं पहिल्यांदाच पुरं होईल.

लोकांच्या ओळखी लग्नात होतात, बाजारात होतात, कोर्टात होतात. आपली जंगलापायी झाली, अन् तीही अशा मुलखात जिथं जंगल औषधाला सापडत नाही. आमचं गाव देवणीच्या अंगाला. चहूकडं काळी रानं, बांधावर एखादी बाभळ, संपलं. मी शेतकरी माणूस, अन् वर गावच्या नाटक मंडळाचा बिनपगारी मालक. जत्रेतलं नाटक म्हणलं की तीन पडदे लागायचे: राजवाडा, रस्ता अन् जंगल. राजवाडा-रस्ता कसेबसे चालून गेले असते, पण जंगलाला उंदरांनी भोकं पाडली होती. वनवासातली राणी विलाप करायची अन् तिच्या खांद्याशेजारून विडी ओढणारा पेटीवाला दिसायचा. म्हणून मी उदगीरला आलो. एक काटकुळा माणूस शिडीवर चढून किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. त्याला खालूनच विचारलं, "जंगल काढतोस का?" तू ब्रश कानावर ठेवलास अन् म्हणलास, "देख्या नै कभी. पन काढतो."

आमच्या गोठ्यात तू मांजरपाट ताणून बांधलास. चुलीवर सरस शिजायला ठेवलास, त्यात रंगाची पूड घोटलीस, अन् त्या सरसाचा वास असा सुटला की आमच्या देवणी गायीनं वैरण सोडली. आई म्हणली, "जंगल येवो न येवो, गाय मात्र घर सोडून जाईल." पण पडदा झाला. वाघ, हरीण, ससा, मोर एकाच तळ्यावर शिस्तीत पाणी पीत होते, मागं नारळाची झाडं अन् धो धो धबधबा. मी म्हणलो, "नूर, वाघाला शेजारचं हरीण दिसलं नाही का रे?" तू म्हणलास, "दिसलं की. आज उपास हाय त्याचा." लोक मात्र जाम खूश झाले. पडदा उलगडला की टाळ्या पडायच्या, आमच्या कामाला पडत नव्हत्या तेवढ्या.

खोड मीच काढली. सोयऱ्याच्या लग्नाला किनवटकडं निघालो होतो, म्हणलं नूरला सोबत घेऊ, खरं जंगल दाखवू त्याला. सुरुवातीला सागवान लागलं, ओळीत लावलेलं. तू तोंड वाकडं केलंस. "ये जंगल है के पलटण?" मग आत गेलो. मोह, टेंभुर्णी, पळस, सगळं एकमेकांत गुंतलेलं, खाली पाचोळा. तुझी बडबड बंद झाली. जनावर म्हणशील तर एक दिसलं नाही. पाचोळ्यात कुठंतरी खसपसलं अन् तू माझा दंड धरलास, तो बाहेर रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाहीस. परतीच्या वाटेला उमरीच्या स्टँडवर चहा घेताना कुठं तोंड उघडलंस. "पाटील, अपन ने एक भी जनावर नै देखे. पन सबने अपने को देखे." मी हसलो होतो. चहा गार व्हायला लागला तरी तू कप हातात धरून बसला होतास.

घरी आल्यावर तू काय केलंस? जत्रा तोंडावर आलेली अन् तू तो टाळ्यांचा पडदा धुऊन काढलास. वाघ धुतला, मोर धुतला, धबधबा बादलीत गेला. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. त्या कापडावर तू आमच्याच रानाच्या कडेचं पिराचं बन उतरवलंस.

आता त्या बनात सांगण्यासारखं काय होतं? कडूलिंब, चिंच, हिवर, करंज, चार बोरी. मधे पिराचा चौथरा, त्यावर हिरवी चादर. गुरुवारी तिथं ऊद आमच्या घरचं कुणीतरी लावतं, ते कधीपासून हे माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. पण तुला त्या कडेच्या लिंबानं वेड लावलं होतं. बुंध्यातच दुभागलेला, एक फांदी वाकून भुईला टेकलेली अन् तिथून पुन्हा वर निघालेली. आम्ही जन्मभर त्या फांदीवर बसून शेंगा खाल्ल्या. तू तिच्यासमोर मांडी घालून बसलास अन् दुपारचं जेवण विसरलास.

जत्रेत पडदा उलगडला. टाळी नाही. पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून उभे राहिले, "आरं, ही तर पिराच्या बनातली झाडं हायती! आम्ही नाटक बघायला आलाव का शेळ्या राखायला?" सगळा मांडव हसला. कुणीतरी ओरडलं, "वाघ कुठाय, पेंटर?" तू विंगेतून डोकं बाहेर काढलंस अन् शांतपणे म्हणलास, "हाय. झाडामागं हाय." झालं! पोरं जी गप्प झाली ती गप्पच. राणी ऊर बडवत होती अन् तिच्याकडं कुणी बघायला तयार नाही, सगळे लिंबाच्या फांदीमागं वाघ शोधून राहिले. नाटक संपल्यावर मी तुझ्यावर असा भडकलो की बास. म्हणलं, शेपूट तरी काढ. निदान दोन डोळे काढ. तू नाही म्हणलास. "काढलं की तो तिथंच अडकतो पाटील. आता कुठं बी हाय." तुझा तो वाघ नेमका कोणत्या झाडामागं होता ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. सांगायचं होतंस की. मी कुणाला सांगणार होतो?

खरं तर मीही तो शोधायचो. तुझ्यासमोर कबूल करायला जीभ रेटत नव्हती एवढंच.

मग टीव्ही आला, मोबाइल आला, मंडळ मोडलं. फ्लेक्स आले अन् तुझ्या पाट्याही गेल्या. तालुक्याला कुणीतरी तुला भिंतीवर 'झाडे लावा' लिहायला बोलावलं होतं. तू शेजारी आपला लिंब काढलास, अन् पावसाळ्याच्या आत रस्त्यासाठी ती भिंतच पाडली. तू हसून सांगत होतास. पण यायचा काही थांबला नाहीस. सकाळच्या एसटीनं उतरायचं, जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं काखेत, अन् थेट बनात. मी भाकरी अन् ठेचा घेऊन आलो की तू त्याच लिंबासमोर बसलेला. "अरे किती वेळा काढतोस त्याला? पासपोर्टला पाठवायचाय का?" तू म्हणायचास, "कल का झाड अलग था." चैतात त्याला जी तांबूस पालवी फुटते ना, तो रंग तुला साधत नव्हता. गेरू झाला, हळद झाली, कात झाला. साधला तेव्हा तू मला ओरडून हाक मारलीस. मी वखर सोडून पळत आलो, म्हणलं साप चावला ह्याला. बघतो तर हातात कागद.

अन् रुक्मिणचं. ते राहूनच गेलं बघ बोलायचं. माझी बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, जो तो समजूत काढायचा. मला ते सहन व्हायचं नाही, मी बनात येऊन बसायचो. तू यायचास. एका शब्दानं तू तिचं नाव काढलं नाहीस. पहिल्या दिवशी माझ्यापुढं खल सरकवलास अन् म्हणलास, "गेरू घोट." मी घोटला. दुसऱ्या दिवशी ब्रश धुवायला दिलेस. मी धुतले. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका दुपारी ब्रश धुता धुता मी मोठ्यानं रडलो. तू चित्र काढत राहिलास, मान वर केली नाहीस. त्या दिवसापासून मला जेवण जायला लागलं. नूर, तुझे उपकार आहेत माझ्यावर, हे मी तुला तोंडावर कधी म्हणलो नाही. म्हणलो असतो तर तू म्हणला असतास, "तेरे हातून दोन ब्रश खराब झालेत, ते आधी भरून दे."

तिच्या सरणालाही लाकूड बनातलंच होतं. बनाची रीत तुला पाठ होती. तिथलं लाकूड चुलीला नाही, घराला नाही, औताला नाही; फक्त मयतीला. हिंदूचं सरण असो, मुसलमानाच्या कबरीत वर लावायच्या फळ्या असोत, बन सगळ्यांना देतं. अन् दुसरी रीत ही की ते मागायचं नसतं. दुःखाच्या घरचा माणूस लाकूड मागत फिरला तर बनाच्या धन्याला लाज. कळलं की धन्यानं आपण होऊन न्यायचं, "आणू का" असंही विचारायचं नाही. माझ्या बापानं असंच नेलं, मी असंच नेत आलो.

आता भांडणावर येतो. पोरगा बालाजी हाताशी आला. रस्ता रुंद झाला. बन नेमकं रस्त्याला लागून. बालाजीच्या डोक्यात मंगल कार्यालय शिरलं. पुढं लॉन, पार्किंग, मागं जेवणाचा हॉल. स्टेजच्या मागं म्हणं जंगलाचा मोठा फ्लेक्स लावायचा, नवरा-नवरीचे फोटो छान येतात. हे ऐकून तू किती वेळ हसलास! हसता हसता तुला दम लागला, मी पाठ चोळली. अन् मग तू एकदम माझ्यावर उलटलास. "तू काय म्हणला त्याला?" मी काहीच म्हणलो नव्हतो.

तुला ते आवडलं नाही, मला ठाऊक होतं. पण मलाही तुझं आवडलं नव्हतं रे. मी म्हणलो, "सातबारा माझ्या नावावर आहे नूर. तू येतोस, चित्र काढतोस, एसटीनं जातोस. पाऊस दगा देतो तेव्हा तोंड माझ्या पोराचं सुकतं. त्याच्या डोक्यात काहीतरी चांगलं आलंय तर मी आडवा कशाला पडू?" तू म्हणलास, "सातबाऱ्यावर पाखरं लिव्हलीत का? त्या पिराचं नाव हाय का? मेरा नाम है क्या? फिर हम सब कहाँ बैठनेका?" मी म्हणलो, "उदगीरला बस." तू कॅलेंडरची पानं गुंडाळलीस अन् स्टँडकडं निघालास. आठ दिवसांनी पुन्हा आलास, जसं काही झालंच नाही. तेच भांडण, तोच ठेचा. वर्षभर आपण तेच केलं. माझं म्हणणं खोटं नव्हतं नूर, अजूनही नाही. तुझंही नव्हतं. तिथंच तर सगळी गोची होती.

लातूरच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटलो. नाकात नळी, अन् तरी तू बोटानं चादरीवर काहीतरी गिरवत होतास. मला बघितल्यावर नळी बाजूला केलीस. "बन का क्या ठैरा?" मी म्हणलो, "तू आधी बरा हो." "ते नको. हौ बोल, नै तो ना बोल. एक बोल." मी म्हणलो, एसटी चुकंल. तू माझ्याकडं बघत राहिलास. मी चप्पल शोधत होतो. ती पायातच होती.

भाभीचा फोन आला तेव्हा दिवस नुकता उगवला होता. अस्‍रच्या नमाजनंतर, दुपार कलल्यावर माती, म्हणली. मी फोन ठेवला अन् उठलो. डोक्यात एवढंच, धन्यानं लाकूड न्यायचं, विचारायचं नाही. बालाजीला हाक मारली, म्हणलं कटर घे. बनात आल्यावर तो हिवराकडं निघाला. मी म्हणलो, "ते नको. लिंब."

बालाजी थांबला. "नाना, चाचाचा लिंब?"

"चाचालाच नेऊन राहिलो ना? त्याचाच त्याला."

मला खरंच तसं वाटलं रे. म्हणलं, आयुष्यभर ज्याला कागदावर काढलं तो आता तुझ्यावर असू दे. लिंबाला वाळवी लागत नाही, दुसऱ्या कुठल्या लाकडानं तुला का झाकायचं? मला वाटलं, तू बघितलं असतंस तर म्हणला असतास, वा पाटील. कटर सुरू झाला तेव्हा पाखरं उठली. भुईला टेकलेली फांदी सगळ्यात शेवटी सुटली. देवणीच्या आरा मशीनवर फळ्या पाडून घेतल्या, ओल्याच होत्या, टेम्पोत घातल्या अन् उदगीर गाठलं. वाटेत सगळा टेम्पो लिंबाच्या वासानं भरला होता, अन् मला चक्क बरं वाटत होतं.

गल्लीत टेम्पो उभा केला. भाभी दारात आली. फळ्या बघितल्या अन् पदर तोंडाला लावला. "भाऊ, ये कायको लाए? उनो बोल को रखे थे ना. मेरेकू फर्शी डालो, झाड नक्को. मेरे वास्ते एक भी झाड नक्को तोडो."

शहाबादी फरशी सकाळीच कबरस्तानात जाऊन पडली होती.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. भाभीनं फळीवरून हात फिरवला. "लिंब का है?" "हाव." "कौनसा?" मी म्हणलो, "रानातला." तिनं मान डोलावली. तुला खांदा दिला, माती दिली, फरशा बसताना बघितल्या. काळ्या, थंड, गुळगुळीत. तुझ्यासाठी लाकडाचं एक कुसळसुद्धा लागलं नाही. बाहेर टेम्पोवाला वाट बघत होता. मला म्हणला, "काका, माल कुठं उतरायचा?" आयुष्यात इतकं वाईट मला क्वचित वाटलंय.

हे तू मला का सांगून ठेवलं नाहीस? भाभीला सांगितलंस, घरच्यांना सांगितलंस. ज्याच्या हातात कुऱ्हाड त्यालाच सांगायचं सोडून दिलंस? का तुला वाटलं की मला न सांगता कळेल? इतक्या वर्षांत मला न सांगता काय कळलं होतं, म्हणून हे कळेल? राग येतो तुझा. मग वाटतं, दवाखान्यात तू नळी काढून जे विचारत होतास, त्याच्या पुढं हेच सांगणार असशील. मी एसटीला निघालो.

फळ्या परत बनात आणल्या. घरात न्यायची सोय नाही, चुलीला लावायची सोय नाही. चिंचेखाली रचून ठेवल्यात. समोर बुंधा, त्याच्या भोवती भुसा. पश्चिमेचं ऊन आता थेट चौथऱ्यावर येतं. तिथं बसलो की डोळ्यांवर हात धरावा लागतो.

अन् व्हायचं तेच झालं. काही दिवस बालाजी गप्प होता. मग परवा सकाळी बनात येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. "नाना, मोठं झाड तर गेलंच. पलीकडच्या रानात जेसीबी आलेला हाय. म्हणला तर बोलवतो."

मी फळ्यांवर पडलेली चिंचेची पानं झटकत राहिलो.

"तुमचा मान मोडायचा म्हणून न्हाई बोलत. पण सांगा ना, ठेवायचं कुणासाठी? मंडळ न्हाई, नाटक न्हाई. चाचा बी गेले. पिराला म्हणाल तर संगमरवराचा चौथरा बांधून देतो. मग राहिलं कोण?"

पोरगं वाईट नाही नूर. त्यानं सरळ विचारलं. ह्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं उत्तरं देत आलो. लोकांनी विचारलं तर पीर. भावकीनं विचारलं तर आजा-पणजा. बालाजीनं विचारलं तर, नूरचाचाला वाईट वाटंल. सगळी उत्तरं एकेक करून निघून गेली होती, अन् हा समोर उभा. माझ्या तोंडून निघालं, "माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी?"

"हाव. मला पाहिजे. मला इथं बसायला पाहिजे. तुझी आई गेली तवा मी इथं जगलो. मला हे आवडतं. सातबारा माझ्या नावावर हाय ना? मग मला आवडतं एवढं कारण पुरं न्हाई का?" माझा आवाज चढला होता. मग उगीचच ओरडलो, "आयुष्यात तुला काय मागितलंय मी?"

बालाजी बघतच राहिला. त्यानं मला कधी काही मागताना बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं बघितलं. तुझ्याशी इतकं भांडलो मी ह्या बनावरून, अन् मला ते हवंय हे मलाच ठाऊक नव्हतं. ज्याला हवंय तो तू, मी आपला अडवणारा, असंच धरून चाललो होतो. तू हे ओळखलं होतंस का? ओळखलंच असशील. म्हणून तर सारखा येऊन डिवचत होतास.

त्यानं फळ्यांकडं बोट दाखवलं. "अन् ह्या?"

"ह्या मला. माझ्या वेळी ह्याच घ्यायच्या. कमी पडल्या तर गोवऱ्या लावा, पण बनात कटर आणायचा न्हाई."

"सकाळी सकाळी असं अभद्र नका बोलू, नाना."

"मग तू काय बोलतोस ते बोल."

तो अंगठ्यानं भुसा उकरत राहिला. मग म्हणला, "तुम्ही हाव तवर मी हात लावत न्हाई. त्याच्या पुढचं मला विचारू नका." अन् मोटरसायकलला किक मारून निघून गेला. खोटं बोलला नाही, गोडगोड बोलला नाही. जेवढं देऊ शकत होता तेवढं दिलं. मला त्याचा राग नाही.

चाळिसाव्याला येईन तेव्हा भाभीला सांगणार आहे की तो लिंब कोणता होता. ती काय बोलेल ते बोलेल. तिनं तुझी ती कॅलेंडरची पानं मला देऊ केली आहेत, पण मी घेणार नाही. तिच्याकडंच राहू दे. त्यात एकेक पान काढून मी वाघ शोधत बसेन अन् तू वरून हसशील.

तर दवाखान्यात तू एक बोल म्हणला होतास. उशीर झाला, पण घे. मी हाय तवर बन हाय. ह्यापेक्षा मोठी हमी माझ्याकडं नाही, अन् ही पण भरवशाची नाही, माझे गुडघे तू बघितलेत. खरं सांगू का, तू गेल्यावर मी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती. रुक्मिण गेली, नूर गेला, आता आपणही निघावं, कोण अडवतंय, असं चाललं होतं. बीपीच्या गोळ्या घ्यायच्या सोडल्या होत्या. काल देवणीला गेलो, डॉक्टरच्या शिव्या खाल्ल्या अन् त्या पुन्हा आणल्या. सकाळची घेतली. आता संध्याकाळची घ्यायचीय. लई थकलोय रे नूर. पण एवढ्यात येत नाही.